विरघळणारी नळी आणि आमचे हे

आमचे हे जादूगार आहेत. बोलण्याची पद्धत म्हणून नाही, खरोखरचे, पोटापाण्याचे जादूगार. शाळांची संमेलनं, मुलांचे वाढदिवस, कारखान्यांचे वार्षिक कार्यक्रम, जिथून बोलावणं येईल तिथे जातात. आणि मी त्यांची पेटीतली बाई. लग्न झालं त्या वर्षापासून मी पेटीत शिरत होते, करवतीने अर्धी कापली जात होते आणि घरी येऊन कुकर लावत होते.

त्या सकाळी हे मागच्या खोलीत जादूच्या टेबलातला आरसा बदलत होते. टेबलात आरसा कशाला, ते मला विचारू नका. जुना आरसा चौकटीत घट्ट बसलेला. मी दारातून म्हटलं, "अहो, हातमोजे तरी घाला."

"मोज्यात बोटांना कळत नाही," म्हणाले आणि लावला जोर.

आरसा तडकला. मी धावत गेले तेव्हा हे स्वतःच्या उजव्या हाताकडे असे बघत होते, जसं काही तो दुसऱ्याचाच आहे. काचेचा सुळका तळव्यात, बोटांच्या थोडा खाली, चांगलाच आत घुसला होता. मी टॉवेल गुंडाळला, शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांच्या गाडीतून आम्ही इस्पितळात पोचलो. वाटेत हे एकच वाक्य बोलले, "शनिवारी शाळेत कार्यक्रम आहे."

इस्पितळात फक्त हातांवर ऑपरेशन करणाऱ्या एक डॉक्टर होत्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, बोलताना हात न हलवणाऱ्या. बहुतेक हात त्यांना फार मोलाचे वाटत असावेत. त्यांनी जखम तपासली, मग टेबलावरची कागदाला लावायची एक क्लिप उलगडून तिची दोन टोकं शेजारी शेजारी पुढे केली.

"डोळे मिटा. अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला मी टोचणार आहे. एक टोक लागतंय की दोन, तेवढं सांगा."

हे डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "करा की सुरू."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मी केव्हाच सुरू केलंय."

तेव्हा ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही. जादूगाराची पहिली दोन बोटं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. नाणं तिथेच लपतं, पत्ता तिथूनच सरकतो.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. बोटं हलवणारे दोर शाबूत होते, पण पहिल्या आणि मधल्या बोटाला स्पर्श पुरवणारी नस कापली गेली होती. नुसती कापली असती तर दोन्ही टोकं शिवता आली असती. काचेने मधला तुकडाच चेंदामेंदा केला होता.

"दोन उपाय आहेत. पायातली एखादी नस काढून इथे जोडायची, म्हणजे पायाचा तेवढा भाग कायमचा बधिर. किंवा ही."

त्यांनी कपाटातून एक नमुना काढून ह्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला. पांढरी, काडेपेटीतल्या काडीहून जराशी जाड, बोटाच्या एका पेराएवढी नळी. आतून पोकळ.

"पॉलिमरची आहे."

"म्हणजे प्लॅस्टिक?"

"प्लॅस्टिकच्याच घराण्यातलं, पण स्वभावाने गरीब. तुमच्या नसेचं वरचं टोक हिच्या एका तोंडात बसवायचं, खालचं दुसऱ्या. वरच्या टोकातून नवे धागे फुटतात. त्यांना वाट दाखवणारं कुणी नसलं की ते भरकटतात, गाठ होऊन बसतात. ही नळी त्यांना बोगदा करून देते."

"आणि नस जोडली गेली की नळी काढायला परत ऑपरेशन?"

"नाही. ती आतल्या आत विरघळते. काही उरत नाही."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हाताला टॉवेल, टॉवेलाला रक्त, आणि ह्यांच्यातला धंदेवाईक जागा. "म्हणजे गायब होते?"

"होते. पण फार हळूहळू. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. तिला बोटाच्या टोकापर्यंत पोचायला बरेच महिने लागतील. तिचा बोगदा पार झाल्यावर नळीने जायचं."

"एवढा वेळ प्रेक्षक थांबत नाहीत हो," हे म्हणाले.

"तुम्हाला थांबावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

नळी बसली. हाताला हे एवढं बँडेज. घरी आल्यावर शाळेचा फोन आला आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कार्यक्रम रद्द करायला सांगतायत. फोनवर माझं मलाच ऐकू आलं, "नाही नाही, ठरल्याप्रमाणे येतोय आम्ही."

"कोण येतोय?" ह्यांनी विचारलं.

"मी."

मला जादू येत होती असं नाही. मला ती मागून दिसत होती. इतकी वर्षं ह्यांच्या पाठीमागे उभं राहून कुठला हात कुठे जातो ते तोंडपाठ झालं होतं, फक्त माझे हात तिथे कधी गेले नव्हते. शनिवारी मी मंचावर उभी राहिले. पहिलाच खेळ मुठीतून रुमालांची माळ काढायचा. तीन रुमाल आले, चौथा अडकला. ओढला, येईना. समोर सगळी शाळा. पहिल्या रांगेत आमचे हे, बँडेज मांडीवर घेऊन.

मग माझा संयम सुटला. मी मुठीकडे बघून म्हटलं, "ये ना बाहेर. पाहुणे आलेत. घरात लपून बसायची ही वेळ आहे?" पोरं हसली. मी आणखी ओढला. "बघा, माझं कुणी ऐकतच नाही. घरीही हेच, इथेही हेच!" आता शिक्षकही हसायला लागले. रुमाल शेवटी आला तो माझी बांगडी घेऊनच. टाळ्या थांबेनात.

घरी जाताना हे म्हणाले, "रुमालाशी कोण बोलतं?"

"मुलं हसली."

"जादू बघून हसायचं नसतं. थक्क व्हायचं असतं."

"पुढच्या वेळी थक्क करते," मी म्हटलं.

पुढच्या वेळाही येत गेल्या. लोक फोन करून विचारायचे, "त्या रुमालाशी भांडणाऱ्या बाई आहेत का?" हे फोन माझ्या हातात द्यायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. बँडेज निघालं होतं. बोटं वाकत होती, पण त्यांना काही कळत नव्हतं. अंडं उचललं की एक तर फुटायचं, नाही तर पडायचं. एकदा हे शर्टाला इस्त्री करत होते आणि मला काहीतरी जळल्याचा वास आला. बघते तर ह्यांचं बोट इस्त्रीला टेकलेलं, आणि हे खुशाल बातम्या ऐकतायत. त्या दिवसापासून इस्त्री माझ्याकडे आली. त्याचंही ह्यांना वाईट वाटलं.

दर महिन्याला डॉक्टर तळव्यापासून वर वर बोटाने टकटक करत जायच्या. "मुंग्या कुठे आल्या?" जिथे मुंग्या, तिथवर नस पोचलेली. प्रत्येक वेळी मुंग्यांचं ठिकाण जरासं पुढे सरकलेलं असायचं आणि ह्यांची मान जराशी वर.

ह्याच काळात मी पेटी विकली. एका नाटक कंपनीला हवी होती. खरं तर मागच्या खोलीत तिच्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मला आता उभं राहून काम करायची गोडी लागली होती. हे इस्पितळातून आले, रिकामा कोपरा बघून थांबले.

"पेटी?"

"गेली."

"कुठे गेली?"

"गायब," मी हसून म्हटलं.

हे हसले नाहीत. स्टुलावर बसले. "म्हणजे माझा हात परत येत नाही, असं तू धरून चाललीस."

मला हे सुचलंच नव्हतं. मी समोर जमिनीवर बसले. "अहो, मी पेटीत परत जात नाही, असं मी धरून चाललेय. तुमच्या बोटाचा त्याच्याशी काही संबंध नाही. उद्या हात पहिल्यासारखा झाला तरी मी त्यात शिरणार नाही. आडवं पडून पडून माझ्या मानेचं पार भजं झालं होतं."

"कधी बोलली नाहीस."

"पेटीतून कसं बोलणार?"

चार दिवस मीठ द्या, पाणी द्या, एवढंच बोलणं चाललं.

त्यात पुढच्या तपासणीला मुंग्या होत्या तिथेच निघाल्या. बोटाच्या पहिल्या सांध्यापाशी. डॉक्टर म्हणाल्या, सांध्यापाशी नस अशी रेंगाळते कधीकधी, काळजी नको. पण ह्यांनी हातपाय गाळले. "नस अडकली. तुमचा बोगदा मधेच बुजला असणार. विरघळली असेल ती नळी वेळेआधीच. खात्री काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्याऐवजी ज्याने नळी बनवली त्यालाच विचारा. मागच्या इमारतीत बसतो."

मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, एक लांबलचक खोली. काचेच्या कपाटासारखं एक यंत्र, आणि त्याच्यासमोर विस्कटलेल्या केसांचा, चष्मा लावलेला, कोपरावर विरलेला पांढरा कोट घातलेला एक मुलगा. मुलगा म्हणजे शास्त्रज्ञ, पण मला तो मुलगाच वाटला. आम्ही कोण ते सांगितल्यावर तो इतका गडबडला की खुर्च्यांवरची पुस्तकं काढून जमिनीवर ठेवताना स्वतःच त्यांना अडखळला.

"बसा काका. काकू, बसा. कोणत्या हातात आहे?"

ह्यांनी तळवा पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि व्रणाकडे टक लावून बघत राहिला.

"मला माझी नळी नंतर कधी दिसतच नाही," तो म्हणाला. "इथून पाकिटात बंद होऊन जाते, आत बसते, आतच संपते. बघायला आलेले तुम्ही पहिलेच."

मग त्याने यंत्र चालू केलं. सुईतून मधासारखा दाट द्रव थेंबथेंब यायला लागला, समोर एक बारीक दांडी गरगर फिरत होती. सुईला विजेचा मोठा दाब दिलेला असतो, त्यामुळे थेंब ताणला जाऊन त्याचा धागा होतो आणि दांडीकडे झेपावतो, असं तो सांगत होता. हे काचेला नाक लावून उभे.

"धागा कुठेय?"

"केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा बारीक आहे काका. दिसणार नाही."

"न दिसणारा धागा आमच्याकडेही असतो," हे संशयाने म्हणाले.

पण हळूहळू दांडीवर पांढरी साय धरायला लागली. मग ती जाड झाली. त्याने दांडी काढून साय अलगद सरकवली, आणि हातात नळी! ह्यांच्या तोंडून "वा" निघालं. ते मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या एका उबदार कपाटात बाटल्यांची रांग होती. अंगात असते तेवढी ऊब, अंगात असतं तसं खारट पाणी, आणि प्रत्येक बाटलीत एक नळी. पहिलीत ताठ, पांढरीशुभ्र. पुढच्यांमध्ये मळकट, मऊ. त्यापुढे कडा झिजलेली, मग नुसता भुगा. शेवटची बाटली हातात घेऊन हे म्हणाले, "ही रिकामी आहे."

"हो."

"म्हणजे हिच्यात ठेवलीच नव्हती."

"ठेवली होती काका."

"असं मीसुद्धा सांगतो लोकांना."

तो मुलगा हसला, मग गंभीर झाला. "पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळी. पाणी तिची एकेक कडी तोडत जातं. तुकडे लहान लहान होत जातात, शेवटी शरीर ते पचवून टाकतं. नळी बनवणं तसं अवघड नाही. अवघड आहे ती वेळ साधणं. लवकर विरली तर नस वाटेत उघडी पडते. फार टिकली तर तीच नसेला दाबायला लागते. वेगवेगळ्या कड्यांचं प्रमाण बदलून बदलून ती वेळ जुळवायची."

"किती नळ्या फुकट गेल्या?"

"त्या कपाटात मावणार नाहीत इतक्या." मग त्याने मधली एक बाटली उचलली. "तुमची आत्ता साधारण अशी असेल. मऊ, पण उभी. नस तिच्यातून केव्हाच पार झालीय. सांध्यापाशी आहे म्हणजे ती नळीच्या कितीतरी पुढे आली. अडकायची जागा मागे पडली तुमची."

हे बराच वेळ त्या बाटलीकडे बघत होते. मग एकदम खिशातून नाणं काढलं आणि म्हणाले, "बघ." डाव्या हातातून उजव्यात घेतलं, मूठ वळली, आणि नाणं खणकन पडून यंत्राखाली गेलं. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा जादूगार आणि शास्त्रज्ञ दोघंही जमिनीवर पालथे पडून यंत्राखाली फूटपट्टी घालत होते आणि आमचे हे पोट धरून हसत होते. "गायब झालं की नाही? सांग, झालं की नाही?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी आपणहून विषय काढला. "मान खरंच दुखायची का गं?"

"फार."

"मग पेटी गेली ते बरं झालं," म्हणाले, आणि मानेला लावायचं मलम शोधायला उठले. मान दुखायची थांबून कितीतरी महिने झाले होते, पण मी लावून घेतलं.

पुढची गंमत शर्टाची गुंडी लावताना झाली. हे ओरडले, "अगं, लागलं! लागलं मला काहीतरी!" मी धावले. मी पहिल्या बोटाला हात लावला. "इथे?"

"नाही, मधल्या बोटाला."

"अहो, मी पहिल्याला लावलाय."

"मग मधल्याला का कळतंय?"

डॉक्टर म्हणाल्या, होतं असं. नवे धागे वाढता वाढता शेजाऱ्याच्या घरात शिरतात. आता मेंदूला नवे पत्ते शिकवायचे. त्यासाठी घरचा अभ्यास दिला: एका पिशवीत किल्ली, गुंडी, कापूस, खोडरबर, सँडपेपरचा तुकडा असलं सगळं घालायचं, डोळे बांधायचे, नुसत्या त्या बोटांनी चाचपून ओळखायचं.

मी रोज दुपारी ह्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून परीक्षा घ्यायची. पहिल्या आठवड्यात सगळं चूक. दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी एकदम सगळं बरोबर सांगायला सुरुवात केली. मला आनंद मावेना. किल्ली, बरोबर. कापूस, बरोबर.

"आणि हे?"

"निळी गुंडी," हे ऐटीत म्हणाले.

मी पिशवी बाजूला ठेवली.

"निळी?" मी विचारलं.

रुमालाखाली ह्यांच्या नाकाशेजारी बोटभर फट होती. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधलेला माणूस, फट कुठे ठेवायची ते ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांच्या डोक्यावर उशीचा अभ्राच चढवला. आत बसून कुरकुरायचे, पण शिकले. आधी खरखरीत आणि मऊ, मग थंड आणि कोमट, मग टोकदार आणि बोथट. शेवटी नाण्याच्या कडेचे दातरेही कळायला लागले.

हात पहिल्यासारखा झाला का? नाही झाला. डॉक्टरांनी तसं वचनही दिलं नव्हतं. थंडीत बोटं अजून झिणझिणतात आणि पूर्वीचा वेग काही आला नाही. मग ह्यांनी सावकाश करायचे खेळ बसवले. सावकाश करायचा खेळ जास्त अवघड, कारण लोकांना बघायला भरपूर वेळ मिळतो. आता मंचावर आम्ही दोघं असतो. हे थक्क करतात, मी हसवते. रुमालांऐवजी मी ह्यांच्याशी भांडते, आणि त्यासाठी मला वेगळी तयारी करावी लागत नाही. इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात कार्यक्रम केला तेव्हा तो नळीवाला दाराशी उभा होता. ह्यांनी नाणं घेतलं, मूठ वळली, आणि सावकाश एकेक बोट उघडत रिकामा तळवा दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या नाण्यासाठी. त्या नळीवाल्याची नजर मात्र तळव्यावरच्या व्रणावर खिळली होती आणि तो कोटाच्या बाहीने चष्मा पुसत होता.

परवाचीच गोष्ट. वाचनालयात कार्यक्रम होता आणि मी सकाळपासून अंग दुखतंय ते लपवत होते. सांगितलं असतं तर ह्यांनी घरी बसवलं असतं. साडी नेसले, पावडर लावली, पिशवी खांद्याला अडकवली. दारात हे चप्पल घालताना थांबले, माझ्याकडे बघितलं आणि उजव्या हाताची ती दोन बोटं माझ्या कपाळाला टेकवली.

"ताप आहे तुला."

"काही नाही. मघाशी उन्हातून आले म्हणून."

बोटं क्षणभर तिथेच राहिली. जराशी जड, जराशी अनोळखी. "ऊन आणि ताप ह्यातला फरक कळतो मला आता. झोप जा."

मी आणखी वाद घातला असता, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तापाचं आहे असं ह्यांना वाटलं तर बरं, म्हणून मुकाट्याने आत गेले.

हे एकटेच गेले. परत आले ते तोंड फुगवून.

"काय झालं?" मी पांघरुणातून विचारलं.

"अख्खा तासभर उत्तम खेळ केला. एक चूक नाही. शेवटी एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, बाई कुठे आहेत?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, आजारी आहे. तर सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या." ह्यांनी खुर्ची ओढली, पुन्हा माझ्या कपाळाला बोटं लावली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "माझ्या खेळाला एवढ्या वाजवल्या नव्हत्या."